सर्व्हरचा मुख्य फलक व त्याची बदली

जाळ्यातील इतर संगणकांना माहिती व सेवा पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. कार्यालये, बँका, रुग्णालये इ. ठिकाणी तो बहुधा चपट्या पेटीच्या रूपात असून अशा अनेक पेट्या रॅक नावाच्या धातूच्या उभ्या चौकटीत एकावर एक बसविलेल्या असतात. पेटीच्या तळाशी असलेले व प्रोसेसर, स्मृतिपट्ट्या आणि जोडकार्डे यांना एकत्र आणणारे मोठे मुद्रित मंडल म्हणजे मुख्य फलक होय. तो बिघडल्यास जागेवर दुरुस्त न करता संपूर्ण बदलण्याची पद्धत रूढ आहे. या पद्धतीचा इतिहास हा दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती राहावे, या प्रश्नाचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी एखादी निकामी होणे ही नेहमीची बाब असल्यामुळे बिघाड किती लवकर सापडतो, यावर यंत्राची उपयुक्तता अवलंबून असे. आयबीएम कंपनीने १९४८ मध्ये आणलेल्या ६०४ या गणनयंत्रात प्रत्येक नलिका व तिच्याशी संलग्न घटक मिळून खोबणीत बसणारा एक सुटा भाग तयार केला. संशयित भाग काढून त्या जागी दुसरा बसवावयाचा व काढलेल्या भागाची तपासणी मागाहून करावयाची, हे तत्त्व त्यामुळे व्यवहारात आले. १९५९ मध्ये जाहीर झालेल्या १४०१ या संगणकात नलिकांची जागा ट्रँझिस्टर बसविलेल्या छोट्या मुद्रित कार्डांनी घेतली.

भारतातील अनुभव : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या. यंत्र संस्थेतच बांधलेले असल्यामुळे बांधणारे व दुरुस्त करणारे हात एकच होते. याउलट, आयबीएमची यंत्रे देशात मुख्यत्वे भाड्याने दिली जात व त्यांची देखभाल कंपनीच करी. परकीय चलन नियमन कायद्यानुसार (१९७३) भागभांडवलातील परकीय वाटा कमी करण्यास नकार देऊन कंपनीने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय बंद केला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल १९७५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन (सीएमसी) या शासकीय कंपनीने हाती घेतली. सुटे भाग, आराखडे व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांवाचून सुस्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरते, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले.

एकच फलक : संकलित मंडलांच्या प्रगतीमुळे अनेक कार्डांचे कार्य थोड्या घटकांत सामावू लागले [→ संगणक]. आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात प्रोसेसर व मूळ स्मृती एकाच फलकावर होत्या. याच परंपरेतील घटक वापरून १९८९ मध्ये कॉम्पॅक कंपनीने सिस्टिमप्रो हा सर्व्हर बाजारात आणला. दूरध्वनी क्षेत्रात पूर्वीपासून वापरात असलेली १९ इंची (४८२·६ मिमी.) चौकट अशा सर्व्हरसाठी स्वीकारण्यात आली. पेटीची उंची ४४·४५ मिमी. या एककाच्या पटीत मोजतात.

फलक अनेक थरांचा असतो व त्यावरील कित्येक घटकांचे डाखलेले सांधे घटकाच्या खाली झाकलेले असतात. त्यामुळे साध्या डाखणीने दुरुस्ती करणे अवघड झाले. पूर्वी एका कार्डापुरता असलेला दोष आता संपूर्ण फलक बाद करू लागला.

बदलण्याची कृती : प्रथम माहितीची प्रत सुरक्षित असल्याची खात्री करून सर्व्हर रीतसर बंद करतात आणि विद्युत् पुरवठ्याच्या सर्व तारा काढतात. स्थिर विद्युतेने घटकांना इजा होऊ नये म्हणून भूसंपर्कित मनगटपट्टा वापरतात. स्मृतिपट्ट्या व जोडकार्डे कोणत्या खोबणीत होती याची नोंद करून ती नव्या फलकावर त्याच क्रमाने बसवितात. अनेक प्रकारांत संपर्काच्या बारीक स्प्रिंगसारख्या पिना प्रोसेसरवर नसून फलकावरील बैठकीत असतात. त्यांपैकी एखादी वाकली, तरी नवा फलकही वाया जाऊ शकतो.

फलक आणि यंत्राची ओळख : अवघड भाग याच्या पुढे येतो. मुख्य यंत्रणा बंद असतानाही तापमान, पंखे व पुरवठा यांवर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र नियंत्रक फलकावर असतो. त्याच्याशी संवाद साधण्याचे आयपीएमआय हे मानक १९९८ मध्ये इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड व एनईसी या कंपन्यांनी प्रसृत केले. यंत्राचा अनुक्रमांक, जाळ्यातील पत्ते व प्रारंभिक मांडणीही बहुधा फलकावरच नोंदलेली असते. म्हणून फलक बदलल्यावर तेच यंत्र इतर यंत्रणांना परके वाटू शकते. या नोंदी पुन्हा भराव्या लागतात व काही वेळा आज्ञावलीचा परवाना नव्याने मान्य करून घ्यावा लागतो. चकतीवरील माहिती सांकेतिक स्वरूपात असून तिची किल्ली जुन्या फलकावरील सुरक्षा घटकाशी बांधलेली असेल आणि पुनःप्राप्तीची किल्ली आधी जपून ठेवलेली नसेल, तर चकती निर्दोष असूनही माहिती कायमची हातची जाते. एके काळी दोष शोधणे हे तंत्रज्ञाचे मुख्य कौशल्य होते. आता यंत्राची ओळख पूर्ववत करणे हेही तितकेच महत्त्वाचे झाले आहे.

अलीकडील प्रवाह : ओपन कंप्यूट प्रोजेक्ट या उपक्रमातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विनिर्देशात देखरेख नियंत्रक व सुरक्षा घटक मुख्य फलकावरून काढून वेगळ्या छोट्या कार्डावर ठेवण्याची योजना आहे. त्यामुळे प्रोसेसरचा फलक बदलला, तरी हे कार्ड कायम ठेवता येते. एकाच फलकात सर्व काही सामावण्याच्या प्रवासानंतर रचना पुन्हा सुट्या भागांकडे वळली आहे. टाकाऊ फलकांत तांबे व सोन्याबरोबर शिसेही असू शकते. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले व २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. टाकाऊ फलकाची विल्हेवाट नियमांनुसार लावता येते. परंतु तो टाकाऊ ठरण्यापूर्वी दुरुस्त करता येईल काय, हे मुख्यतः आराखडे व सुटे भाग खुले आहेत की नाहीत, यावर अवलंबून असते.