अंधारात ठिपके मोजणारा विद्यार्थी

अणूच्या पोटात केंद्रक असते, हे शिकवताना पाठ्यपुस्तके अर्नेस्ट रदरफोर्ड यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या निरीक्षणावर हा सिद्धान्त उभा राहिला, ते रदरफोर्ड यांच्या डोळ्यांनी टिपलेले नव्हते. ते टिपले वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने. त्याचे नाव अर्नेस्ट मार्सडेन.

साल १९०९. मँचेस्टर विद्यापीठाच्या भौतिकी प्रयोगशाळेत रदरफोर्ड यांचे सहकारी हान्स गायगर या मुलाला किरणोत्सर्गाच्या मोजमापाचे धडे देत होते. याला आता एखादे छोटे संशोधन द्यावे का, असे गायगर यांनी विचारले. रदरफोर्ड यांनी सुचवले : धातूच्या पत्र्यावर आदळलेले अल्फा कण मोठ्या कोनातून वळतात का, ते पाहू द्या. उत्तर ‘नाही’ असेच येणार, अशी स्वतः रदरफोर्ड यांची अटकळ होती. पुढे त्यांनी ती मोकळेपणाने सांगितली. थोडक्यात, हा हात बसावा म्हणून दिलेला सराव होता.

पण सराव सोपा मुळीच नव्हता. अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की सुईच्या अग्राएवढा प्रकाश क्षणभर चमकतो. तो सूक्ष्मदर्शकातून पाहायचा आणि मोजायचा. त्यासाठी आधी बराच वेळ काळोखात बसून डोळे सरावून घ्यावे लागत. काही मिनिटे मोजले की दृष्टी थकते, मग विश्रांती, मग पुन्हा मोजणी. ठिपके फार दाट असले तर मोजदाद चुकते. फार विरळ असले तर मनच ठिपके पाहू लागते. रदरफोर्ड यांना या कामाचा धीर नव्हता. गायगर यांची चिकाटी मात्र अचाट होती, आणि मार्सडेन तीच त्यांच्या शेजारी बसून शिकला.

किरणांचा स्रोत आणि पडदा यांच्यामध्ये त्याने शिशाची पट्टी ठेवली, म्हणजे थेट येणारे कण अडतील. समोर धातूचा पत्रा. आता पडद्यावर जे चमकेल, ते पत्र्यावरून मागे फिरलेलेच असणार. आणि पडदा चमकू लागला.

एवढ्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे होते. म्हणून धातू बदलून पाहिले. शिसे, सोने, प्लॅटिनम यांसारख्या जड धातूंवरून अधिक कण परतले, ॲल्युमिनियमवरून कमी. सोन्याच्या वर्खाचे थर वाढवले, तसे परतणारे कणही वाढले. म्हणजे ही केवळ पृष्ठभागाची करामत नव्हती, कण आतून फिरून येत होते. प्लॅटिनमवर आदळणाऱ्या सुमारे ८००० कणांमागे एक मागे वळत होता. ही बातमी मार्सडेनने रदरफोर्ड यांना त्यांच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यावर गाठून सांगितली.

त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध आला, गायगर आणि मार्सडेन या दोघांच्या नावाने. मार्सडेनच्या हिशेबी ही मिळकत पदवीपेक्षा लहान नव्हती.

१९११ मध्ये रदरफोर्ड यांनी त्या ८००० मधल्या एकाचा अर्थ लावला : अणूचा धनभार आणि जवळजवळ सारे वस्तुमान एका अतिसूक्ष्म गाभ्यात एकवटलेले आहे. मग त्यांचे गणित तपासण्यासाठी गायगर आणि मार्सडेन पुन्हा काळोखात जाऊन बसले. १९१३ च्या त्यांच्या निबंधामागे एक लाखाहून अधिक ठिपक्यांची मोजणी आहे.

पुढच्याच वर्षी मार्सडेनने हायड्रोजनवर अल्फा कण सोडले आणि अल्फा कणांपेक्षा दूर पोहोचणारे कण पाहिले. १९१५ मध्ये तो प्राध्यापक म्हणून न्यूझीलंडला गेला, आणि अर्धे राहिलेले ते काम रदरफोर्ड यांनी स्वतः हाती घेतले. आता अंधारात बसण्याची पाळी गुरूची होती. प्रोटॉनचा शोध त्यातूनच निघाला.

तोवर महायुद्ध पेटले होते. गायगर जर्मन तोफखान्यात अधिकारी होते. मार्सडेन फ्रान्समध्ये विरुद्ध बाजूला, आवाजाच्या नोंदींवरून शत्रूच्या तोफांची जागा शोधत होता.