तळटीप : ‘चेंज अजून रिव्ह्यूमध्येच आहे’

१. हिंजवडीच्या (ता. मुळशी) आयटी कंपन्यांतले रोजचे बोलणे. चालू प्रणालीच्या कोडमध्ये कोणी परस्पर हात घालू नये म्हणून प्रत्येक बदलाला तिकीट क्रमांक मिळतो आणि तो ठरावीक टप्प्यांतून सरकतो : नोंदवला, काम सुरू, रिव्ह्यू, टेस्टिंग, मंजूर, रिलीज. बहुतेक ठिकाणी कोड लिहिणाऱ्याला स्वतःचाच बदल मंजूर करता येत नाही. टेस्टिंगमध्ये दोष निघाला तर तिकीट मागे येते. आधीची नोंद मात्र पुसली जात नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफाराची रीत अशीच आहे : तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो, नोटिसा निघतात, हरकतीची मुदत सरते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. कोडच्या आवृत्त्या राखणाऱ्या, वॉल्टर टिची यांच्या १९८०च्या दशकातल्या ‘आरसीएस’ प्रणालीत फाइलच्या प्रत्येक आवृत्तीवरच प्रायोगिक, स्थिर किंवा रिलीज झालेली असा शेरा ठेवता येई. त्याच कामासाठी २००५मध्ये आलेल्या ‘गिट’च्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, अशा शेऱ्यासाठी रकाना नाही. गिट बदलांचा इतिहास राखते. टप्पा ‘जिरा’सारख्या वेगळ्या प्रणालीत दिसतो. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे कमिटच्या संदेशात लिहिलेला तिकीट क्रमांक. तो लिहायचा राहिला, तर जिरात ‘रिव्ह्यू’मध्ये दिसणारा बदल प्रत्यक्षात ग्राहकाच्या सर्व्हरवर पोहोचलेला असू शकतो. या प्रकरणातली रात्रभराची शोधाशोध त्याच कारणाने झाली. – संपा.