फर्माइशीचं पोस्टकार्ड

चाहत्याचं पत्र म्हणजे देवाला वाहिलेलं फूल, असं आपण धरून चालतो. रेडिओ सिलोनच्या काळात ही समजूत टिकत नाही. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी (मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी) आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली आणि श्रोते कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं आल्याचं तिचे निवेदक अमीन सयानी सांगत.

ती बक्षिसाची हाव होती, असं कुणी म्हणेल. सुरुवातीला सात गाण्यांचा कालक्रम बरोबर लावणाऱ्याला 100 रुपये मिळत, हे खरंच. पण फर्माइशीच्या कार्यक्रमांत दमडीही मिळत नसे. तरी तेव्हाच्या बिहारमधल्या, अभ्रकासाठी प्रसिद्ध झुमरी तलैयातून इतकी कार्डं जात, की गावाचं नाव देशभर झालं. लोकप्रिय गाणं एरवीही लागणारच होतं. मग कार्डाचा खर्च कशाला? तर निवेदकाच्या तोंडून आपलं, घरच्यांचं, गावाचं नाव ऐकायला. लता-रफी निमित्तमात्र. मोजक्या हौशी मंडळींनीच तो ढीग रचला असेल, हा आक्षेपही मान्य. पण त्याने मुद्दा पक्काच होतो. एकाच माणसाने पुन्हापुन्हा लिहावं, ते गाण्यापेक्षा नावासाठीच. सरकारलाही अखेर 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली आणि तिथेही फर्माइशींसोबत नावांच्या लांबलचक याद्या वाचल्या जाऊ लागल्या.