रोग न लागणारी केळी

† लेखकाने येथे ‘रोग न लागणारी केळी’ असे सरसकट म्हटले आहे. ते विधान जरा ढिले आहे. केळीची प्रतिकारशक्ती बुरशीच्या ठरावीक प्रकारापुरतीच असते. निर्यातीची ‘ग्रो मिशेल’ ही जात १९६० च्या सुमारास मर रोगाने बाजारातून गेली व तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली, कारण फ्युझेरियम बुरशीच्या तेव्हाच्या प्रकाराला कॅव्हेंडिश दाद देत नव्हती. पुढे आलेल्या ‘टीआर-४’ या बुरशीच्या नव्या प्रकारापुढे मात्र तिचे काही चालले नाही. (जळगावकडची बसराई आणि ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिशच!) रोगट झाडाची खालची पाने कडेने पिवळी पडून बुंध्याशी लोंबतात, खोड चिरले की आत तांबूस-तपकिरी रेघा दिसतात. बुरशी मुळांवाटे शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडते आणि जमिनीत दशकानुदशके तग धरते, त्यामुळे फवारणीने काही साधत नाही. खाण्याच्या केळीत बी धरत नाही, म्हणून संकराची वाटही बिकट. क्वीन्सलँडचे शास्त्रज्ञ जेम्स डेल यांच्या गटाने आग्नेय आशियातील बियाळ रानकेळीतले ‘आरजीए-२’ हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. ऑस्ट्रेलियातील बाधित जमिनीत तीन वर्षे चाचणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातल्या एका वाणाला रोग मुळीच लागला नाही. २०२४ मध्ये तेथे हे जनुक असलेल्या ‘क्यूकॅव्ह-४’ या वाणाला परवानगी मिळाली. गंमत म्हणजे हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये मुळातच असते, फक्त अगदी मंद चालते. बाहेरचे जनुक न घालता तेच जागे करण्याच्या दिशेनेही हा गट काम करीत आहे. — संपा.