जुन्या खोलीची दुरुस्ती : धूळ उठण्यापूर्वी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळींमधील खोल्या आणि गाळे अनेकजण राहण्यासाठी नव्हे, तर गुंतवणूक म्हणून घेतात. ताबा मिळताच लाद्या उखडणे, पोटमाळा काढणे, मोरीच्या जागी न्हाणीघर बांधणे अशी कामे सुरू होतात. खोली लवकर भाड्याने द्यावयाची असल्याने घाई असते. मालक मात्र तेथे राहत नाही. उठणारी धूळ बिगाऱ्यांच्या आणि सामाईक गॅलरीतून शेजारच्या बिऱ्हाडांच्या वाट्याला येते. या धुळीत ॲस्बेस्टॉस आणि शिसे असण्याची शक्यता असते.

कोठे आढळते?

छपरांचे व पडव्यांचे पन्हळी सिमेंटचे पत्रे, पावसाळी पाण्याचे जुने पाइप आणि सिमेंटच्या टाक्या यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जुन्या शेडमध्ये वाफेच्या नळांवरील वेष्टणातही ते असू शकते. शिसे असते ते प्रामुख्याने दारे, खिडक्या, कठडे यांवरील तैलरंगाच्या जुन्या थरांत.

म्हाडाच्या उपकरप्राप्त इमारतींच्या वर्गवारीत 'अ' गटात १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, 'ब' गटात १९५० अखेरपर्यंतच्या, तर 'क' गटात ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या इमारती येतात. त्यावरून इमारतीचे वय कळते. मात्र पत्रे नंतरच्या दुरुस्तीतही बसवलेले असू शकतात, म्हणून केवळ वयावर विसंबू नये. ॲस्बेस्टॉस डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत ते आहे असेच गृहीत धरावे.

धोका कशाचा?

अखंड पत्र्यापासून धोका कमी असतो. तो कापला, फोडला किंवा घासला की सूक्ष्म तंतू हवेत मिसळून फुप्फुसांत जातात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे विकार उद्भवतात आणि ते अनेकदा काही दशकांनी प्रकट होतात. याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, ठेवण्याचा आदेश दिला. नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या मजुराची अशी नोंद कोणाकडेच नसते. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर तशी सरसकट बंदी नाही.

शिशाचा सर्वाधिक फटका लहान मुलांना बसतो. त्यांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे केंद्राचे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे थर संशयास्पदच मानावेत.

घ्यावयाची काळजी

* पत्रे फोडू नयेत. पाणी मारून ओले करावेत, बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत. वरून फेकू नयेत.
* पत्र्यावर वा पाइपवर ग्राइंडर किंवा करवत चालवू नये.
* जुना रंग कोरडा घासू नये, आगीने जाळू नये. ओल्या पॉलिशपेपरने खरवडावा. रंग घट्ट असल्यास त्यावर नवा हात देणे अधिक सुरक्षित.
* खोलीचे दार व गॅलरीकडील झरोके जाड प्लास्टिकने बंद करावेत. शेजाऱ्यांना आधी कळवावे. मुले व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे.
* तोंडावर बांधलेला रुमाल तंतू अडवत नाही. ॲस्बेस्टॉसच्या कामासाठी पी-१०० दर्जाचा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्यावा.
* झाडू मारू नये; ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे मजुरांनी घरी नेऊ नयेत.
* गिरणीच्या शेडमधील नळांचे भुसभुशीत वेष्टण स्वतः काढू नये. ते प्रशिक्षित तज्ज्ञांचे काम आहे.

मलब्याचे काय?

ॲस्बेस्टॉसचे तुकडे साध्या डेब्रिजमध्ये मिसळू नयेत. जाड प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात बांधून त्यावर तसे लिहावे आणि विल्हेवाटीबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करावी. धोकादायक कचऱ्यासाठी तळोजा औद्योगिक वसाहतीत स्वतंत्र प्रक्रिया केंद्र आहे.

कंत्राटदाराशी दर ठरवतानाच या बाबी लेखी करारात नमूद कराव्यात. खर्च व दिवस थोडे वाढतील. परंतु ही बचत केल्यास तिची किंमत गुंतवणूकदाराला नव्हे, तर मजुराला आणि शेजाऱ्याला मोजावी लागते.