रात्रीच्या समुद्रातील लहान होडी आणि दिव्यांचे नियम : ‘पुरेशा वेळेत’ या तरतुदीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सागरी इतिहासाच्या अभ्यासात बंदरे, आरमार, जहाजबांधणी आणि व्यापार या विषयांना जे महत्त्व मिळाले ते जहाजावरील दिव्यांना मिळालेले नाही. दीपगृहांवर थोडेबहुत लेखन झाले आहे. परंतु होडीतल्या कंदिलाची दखल क्वचितच घेतली गेली. वास्तविक, रात्री समुद्रात जाणाऱ्या लहान होडीची सुरक्षितता दोन प्रकारच्या दिव्यांवर अवलंबून असते. एक दिवा तिला वाट दाखवितो, तर दुसरा ती तेथे आहे हे इतरांना सांगतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या दिव्याचा आणि त्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लहान होडीला मिळालेल्या सवलतीचा विचार केला आहे.

वाट दाखविणारे दिवे :

किनाऱ्यावर एक दिवा खाली व पुढे आणि दुसरा त्याच्या मागे उंचावर ठेवायचा. नाविकाला दोन्ही एका उभ्या रेषेत दिसले की तो सुरक्षित मार्गावर आहे असे समजावे, ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधील नॉर्थ शील्ड्स येथे असे जोडदिवे १६व्या शतकातच उभे राहिले होते. मुंबईच्या परिसरात खांदेरी बेटावरील दीपगृह १८६७ मध्ये आणि कुलाब्याच्या दक्षिणेस खडकावरील प्राँग्ज दीपगृह १८७५ मध्ये उभारले गेले. या दिव्यांचा लाभ मोठ्या आगबोटीला आणि कोळ्याच्या होडीला सारखाच होत असे. ओळख पटविणाऱ्या दिव्यांच्या बाबतीत मात्र ही समानता आढळत नाही.

तांबडा, हिरवा आणि पांढरा :

शिडाची जहाजे मंद गतीने व वाऱ्याच्या कलाने चालत, तोपर्यंत रात्रीच्या टकरीचा प्रश्न मर्यादित होता. आगबोटीने तो तीव्र केला. अमेरिकेने १८३८ मध्ये आगबोटींना रात्री दिवा लावणे सक्तीचे केले. पण दिव्याचा रंग किंवा जागा ठरविली नाही. ब्रिटनने १८४८ मध्ये डोलकाठीवर पांढरा, उजव्या बाजूस हिरवा आणि डाव्या बाजूस तांबडा दिवा अशी पद्धत आगबोटींसाठी घालून दिली. १८५८ मध्ये रंगीत दिव्यांची सक्ती शिडाच्या जहाजांनाही लागू झाली.

या रचनेमागील भूमिती लक्षणीय आहे. होकायंत्राची तबकडी ३२ भागांत विभागलेली असे. प्रत्येक बाजूचा दिवा नाळेपासून मागे १० भाग, म्हणजे ११२.५ अंश दिसावा, असे ठरले. हाच कोन आजही कायम आहे. त्यामुळे केवळ रंग पाहून समोरचे जहाज कोणत्या बाजूस तोंड करून आहे, हे कळू लागले. पिछाडीचे १२ भाग, म्हणजे १३५ अंश, मात्र दीर्घकाळ अंधारातच राहिले. तेथील कायमचा दिवा १९४८ च्या परिषदेनंतरच जवळजवळ सर्व जहाजांना आवश्यक ठरला.

उघड्या होडीची सवलत :

ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या विचारविनिमयातून १८६३ मध्ये लागू झालेले नियम पुढे अनेक देशांनी स्वीकारले. त्यांत उघड्या मासेमारी होड्यांना बाजूचे दिवे कायम लावण्यातून सूट होती. त्याऐवजी एका बाजूस हिरवी व दुसऱ्या बाजूस तांबडी सरकती काच असलेला एकच कंदील जवळ बाळगावा आणि दुसरे जहाज जवळ येताच, टक्कर टळेल इतक्या पुरेशा वेळेत तो योग्य बाजूने दाखवावा, असे सांगितले होते.

वॉशिंग्टन येथील १८८९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वल्ह्यांच्या होडीसाठी ही अट आणखी सोपी केली. पांढऱ्या उजेडाचा कंदील हाताशी तयार ठेवून तो ‘पुरेशा वेळेत’ तात्पुरता दाखविला तरी चालेल, असे ठरले. १९७२ मध्ये तयार झालेल्या आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या नियमावलीतही हे शब्द टिकले आहेत. ७ मीटरपेक्षा कमी लांबीच्या शिडाच्या होडीने शक्य असल्यास नेहमीचे दिवे लावावेत. अन्यथा विजेरी किंवा पेटता कंदील तयार ठेवावा. वल्ह्यांच्या होडीलाही हाच पर्याय आहे.

ही सवलत अन्यायाच्या हेतूने दिली गेली असे म्हणता येत नाही. उघड्या होडीत तेलाचा दिवा वाऱ्यापाण्यात रात्रभर तेवत ठेवणे कठीणच होते, आणि रंगीत काच त्या मंद ज्योतीचा बराचसा उजेड गिळून टाकीत असे. तथापि या सवलतीमुळे ‘पुरेसा वेळ’ कोणता, हे ठरविण्याचा भार होडीतल्या माणसावर आला. तो पाण्याच्या पातळीपासून जेमतेम हात-दोन हात उंच बसलेला असतो आणि त्याच्याच हातात जाळे किंवा वल्हे असते. नियम करणाऱ्यांची दृष्टी जहाजाच्या पुलावरून पाहणाऱ्याची होती, असेच यावरून दिसते.

वेळेचा हिशेब :

१२ मीटरपेक्षा लहान होडीचा रंगीत दिवा किमान १ सागरी मैलावरून दिसावा, अशी सध्याची अट आहे. १५ नॉट वेगाचे जहाज आणि ५ नॉट वेगाची होडी समोरासमोर आल्यास हे अंतर ३ मिनिटांत संपते. २ मैलांवरून दिसणारा पांढरा दिवा असला तरी ६ मिनिटेच मिळतात. भरलेल्या मोठ्या जहाजाला थांबण्यास मैलाहून अधिक अंतर लागू शकते. शिवाय मोठ्या जहाजाच्या नाळेपुढील काही भाग पुलावरून दिसतच नाही. जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढा हा आंधळा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनाच मान्य आहे. अगदी जवळ आल्यावर दाखविलेला कंदील तेथे निरुपयोगी ठरतो.

म्हणूनच होडीतल्या माणसाला स्वतःच्या दिव्याइतकेच जहाजाचे दिवे वाचता येणे महत्त्वाचे ठरते. १८८९ च्या नियमांनी आगबोटीला डोलकाठीवर दुसरा पांढरा दिवा लावण्याची मुभा दिली, आणि १९४८ च्या परिषदेने १५० फुटांवरील यांत्रिक जहाजांना तो सक्तीचा केला. पुढचा दिवा खाली, मागचा उंच. म्हणजे किनाऱ्यावरील जोडदिव्यांचेच तत्त्व येथे जहाजावर चढले. अर्थ मात्र उलटा. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत दिसले तर वाट सुरक्षित असते. जहाजावरचे दोन पांढरे दिवे एका रेषेत आणि त्यांच्याखाली तांबडा व हिरवा एकाच वेळी दिसले, तर जहाज थेट होडीवर येत असते.

विजेच्या स्वस्त दिव्यांनी तेलाची अडचण दूर केली आहे. पण एक नवी अडचण आणली आहे. होडीवर कामासाठी लावलेल्या प्रखर दिव्यांत तांबडा-हिरवा दिवा हरवून जातो, म्हणून ओळखीच्या दिव्यांना झाकणारे किंवा टेहळणीत व्यत्यय आणणारे दिवे लावण्यास नियमांत मनाई आहे. त्या प्रखर उजेडात दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय होण्यास सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात, तर दूरवरचे जहाज अंगावर येण्यास त्याहूनही कमी वेळ पुरतो. अनुभवी नाविक होडीत मंद तांबडा उजेड ठेवतात, विजेरी अंधारातही हाताला सापडेल अशा ठरावीक जागी ठेवतात आणि जहाज दूर असतानाच तिचा झोत स्वतःच्या शिडावर टाकतात, कारण उजळलेले शीड एकट्या ठिपक्याएवढ्या दिव्यापेक्षा चटकन नजरेत भरते.