तंबूची झालर

वैशाखात व्याख्यानमाला भरवणाऱ्यांना वक्त्यापेक्षा वळवाचीच धास्ती अधिक असते. दिवसभर आभाळ कोंदलेले असते, सायंकाळी एकाएकी वावटळ उठते, कनाती फुगतात, आणि मांडव घालणारा माणूस व्याख्यान सोडून धावत सुटतो. त्या वेळी तो कोठे पाहतो, हे आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? तो वर छताकडे पाहत नाही. तो खाली, कनातीच्या काठाकडे पाहतो. वारा तेथून आत शिरला की मग वरचे कापड, दोर, खांब, कोणाचेच काही चालत नाही. आज ज्या तीन माणसांची हकीगत मी सांगणार आहे, ती या काठाचीच हकीगत आहे. मात्र ती घडली अंटार्क्टिकात, आणि तेथे प्रश्न व्याख्यानाचा नव्हता, प्राणांचा होता.

कॅप्टन स्कॉटची मोहीम १९११ च्या जानेवारीत रॉस बेटावरील केप इव्हान्स येथे उतरली. दक्षिण ध्रुव गाठण्यापूर्वी मोहिमेतील डॉ. एडवर्ड विल्सन यांना एक वेगळेच काम उरकावयाचे होते. सम्राट पेंग्विन हा पक्षी ऐन हिवाळ्यात अंडी घालतो. त्या अंड्यांतील गर्भ तपासला तर पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांचे नाते उलगडेल, अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांना आशा होती. पेंग्विनांची वसाहत बेटाच्या दुसऱ्या टोकाला, केप क्रोझियरजवळ. अंतर सुमारे ६७ मैल. २७ जून १९११ रोजी विल्सन निघाले. बरोबर पंचवीस वर्षांचा, चष्म्यावाचून अधू असलेला ॲप्सली चेरी-गॅरार्ड, आणि लेफ्टनंट हेन्री बॉवर्स.

हा बॉवर्स आपल्याला अगदीच परका नव्हे. तो रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी होता, आणि त्या सेवेचे मुख्य ठाणे मुंबई. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. कंपनी सरकारच्या फौजेत तंबू ठोकणाऱ्या माणसालाही खलाशीच म्हणत. वरवर हे चमत्कारिक वाटते. पण दोघांचाही व्यवहार कापड, दोर आणि वारा या तिघांशीच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एकच शब्द दोघांना का पुरला ते कळते. बॉवर्सच्या बाबतीत तर तो शब्द दोन्ही अर्थांनी खरा ठरला.

काळोखात, उणे ७७ अंश फॅरनहाइटपर्यंत (म्हणजे उणे ६० सेंटिग्रेडपर्यंत) उतरलेल्या थंडीत गाड्या ओढीत त्यांना तेथे पोहोचण्यास १९ दिवस लागले. या १९ रात्री त्यांचे घर म्हणजे एक तंबू. बांबूंचे सांगाडे माथ्याशी एकत्र बांधलेले, त्यावर बाहेरून ओढलेले कापड, आतून अस्तर. आपल्या राहुटीची सारी भिस्त मेखांवर आणि तणाव्यांवर असते. याची भिस्त खालच्या झालरीवर. तंबूचे कापड जमिनीवर सभोवार हातभर पसरावयाचे आणि त्यावर बर्फाच्या लाद्या रचावयाच्या. झालर दबलेली, तोवर घर उभे. मुक्काम पडला की शिजवणे आणि निजणे नंतर, आधी झालर.

क्रोझियरला पोहोचल्यावर त्यांनी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंचीवर दगडांची एक खोपटी बांधली. छपराला एक गाडी आढ्यासारखी आडवी ठेवून वर कॅनव्हास ताणले. पेंग्विनांची पाच अंडी मिळाली, त्यांतली दोन वाटेत फुटली. मग चूल व सामानसुमान यांच्या सोयीसाठी खोपटीच्या दाराशीच, आडोशाला, तंबूही ठोकला. तो त्यांनी निष्काळजीपणाने ठोकला नव्हता. झालरीवर बर्फाखेरीज मोठाले दगडही ठेवले होते.

२२ जुलैच्या पहाटे वादळ उठले, आणि बॉवर्सने बाहेर पाहिले तो तंबू जागेवर नव्हता. खालचे सामान बहुतेक तसेच पडलेले, वरचे घर तेवढे नाहीसे झालेले!

असे का व्हावे? वारा ढकलतो अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आपल्या खेड्यांत पत्र्यांवर धोंडे ठेवतात ते पत्रे ढकलले जाऊ नयेत म्हणून नव्हे, उचलले जाऊ नयेत म्हणून. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आणि टेकडीचा माथा ओलांडून वारा पलीकडे झेपावतो तेव्हा माथ्याच्या पाठीमागे हवेचा दाब घटतो. तेथे जे काही असेल ते वर ओढले जाते. यांची खोपटी नेमकी माथ्याखालीच होती. दगड तेथे होते, आडोसा तेथे होता, म्हणून जागा निवडली. मला वाटते, त्या जागी कोणीही शहाण्या माणसाने तेच केले असते. आडोसाच घातक ठरला, हे चेरी-गॅरार्डला पुढे उमगले, आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ते मोकळेपणी लिहिले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे विल्सनच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, खोपटीचे छप्परही असेच वर खेचले जाऊन चिंध्या चिंध्या होऊन गेले. तिघे आपापल्या निजायच्या पिशव्यांत उघड्यावर पडून राहिले. अंगावर हिम साचत होते, तेच पांघरूण. मधूनमधून ते भजने गात, आणि विल्सन जिवंत आहेत ना हे पाहण्यासाठी बॉवर्स त्यांना हलवून पाहत असे. सुमारे दोन दिवस पोटात अन्न नव्हते. तंबूवाचून परतीचा प्रवास म्हणजे मरण, हे तिघांनाही ठाऊक होते. कोणी बोलून दाखवले नाही.

२४ तारखेला वारा ओसरला. जमिनीवर अंथरावयाचे कापड डोक्यावर घेऊन त्यांनी कसेबसे शिजवून खाल्ले आणि शोधाला निघाले. अर्ध्या मैलावर, उताराच्या पायथ्याशी, बॉवर्सला तंबू सापडला. उडताना बांबू एकत्र मिटले होते, छत्री मिटावी तसे. उघडा राहता तर फाटून समुद्रावर गेला असता. मिटलेला आणि गोठलेल्या बर्फाने जड झालेला, म्हणून तो एका खळग्यात पडून राहिला. दोन बांबूंची टोके मोडली होती, कापड मात्र शाबूत होते.

तो तंबू त्यांनी पुन्हा ठोकला तेव्हा झालर किती खोल पुरली असेल याची कल्पना करावी. आणि त्या रात्री बॉवर्सने एक दोरी तंबूला बांधून तिचे दुसरे टोक पिशवीत शिरताना स्वतःला बांधून घेतले. तंबू गेला तर आपणही त्याच्याबरोबर, असा हिशेब! १ ऑगस्टला तिघे केप इव्हान्सला पोहोचले, तीन अंडी घेऊन. त्या अंड्यांनी विज्ञानात फारशी भर घातली नाही, ही गोष्ट वेगळी.

विल्सन आणि बॉवर्स यांना यापुढे फार दिवस नव्हते. दोघेही स्कॉटबरोबर १९१२ च्या जानेवारीत ध्रुवावर गेले, आणि परतताना मार्च महिन्यात, अन्नाच्या कोठारापासून ११ मैलांवर, वादळात अडकून तंबूतच स्कॉटसह मरण पावले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथक तेथे पोहोचले. त्यात चेरी-गॅरार्ड होता. दुरून त्यांना हिमाचा एक ढिगारा तेवढा दिसला. हिम बाजूला सारले तेव्हा खाली तंबू होता. साडेसात महिने, संपूर्ण ध्रुवीय हिवाळा त्याने काढला होता. बांबू नीट फाकलेले, कापड ताठ, आत अस्तरापलीकडे हिमाचा कण नाही. तीन मरणासन्न माणसांनी शेवटच्या मुक्कामीही झालर नेहमीसारखीच दाबली होती.

डायऱ्या आणि पत्रे काढून घेतल्यावर पथकाने मृतांना हलवले नाही. डॉ. ॲटकिन्सन यांनी प्रार्थना म्हटली. मग आतले बांबू काढून घेतले, आणि कापड हळूच खाली येऊन त्या तिघांवर पसरले.